दूध, सोसायटी आणि बाजार: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा वर्षं मी कळमेश्वर तालुक्यातल्या एका गावात दूध सोसायटीचं दप्तर सांभाळलं. आता नागपुरात प्रतापनगरला दुधाचं छोटं दुकान आहे. तिकडे दूध मोजून घेत होतो, इकडे मोजून देतो. तिकडचे शेतकरी विचारायचे, "भाऊ, आमच्या दुधाले भाव काऊन नाही?" इकडचं गिऱ्हाईक विचारतं, "दूध एवढं महाग कसं?" दोघांचंही म्हणणं खरं आहे. शेतकऱ्याची बादली आणि गिऱ्हाइकाचं पातेलं यांच्यामध्ये जी विक्री आहे, ती ज्याच्या हातात तो भाव ठरवतो. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून तिथंच येतात, त्याला माझा इलाज नाही.

सहकारी दूध संघ म्हणजे नेमकं काय? खासगी डेअरी पण दूधच घेते की.

खासगी डेअरी दूध विकत घेते आणि व्यवहार तिथं संपतो. सहकारात दूध घालणारा मालक असतो, निदान कागदावर तरी. रचना तीन मजली असते. गावात प्राथमिक सोसायटी, जिल्ह्यात त्या सोसायट्यांचा संघ, आणि राज्यात संघांचा महासंघ. गावाने दूध गोळा करायचं, जिल्ह्याने त्यावर प्रक्रिया करायची, राज्याने ते विकायचं. सभासदाच्या दोन म्हशी असोत की वीस, मत एकच. वर्षाअखेर नफा उरला तर तो दुधाच्या प्रमाणात सभासदाकडे परत येतो, त्याला कुणी बोनस म्हणतं, कुणी दूध फरक.

एक गोष्ट लोक विसरतात. खासगीवाला नको त्या दिवशी दूध नाकारू शकतो. सोसायटीने सभासदाचं चांगलं दूध नाकारायचं नसतं. दिवाळीनंतर दूध धो-धो येतं तेव्हा या एका नियमाची किंमत कळते.

अमूल, मदर डेअरी, दिनशॉज, हल्दीराम, यातलं सहकारी कोणतं?

सहकारी फक्त अमूल. हा गुजरातच्या सहकारी दूध विपणन महासंघाचा ब्रँड आहे. महासंघात १८ जिल्हा संघ आणि सुमारे ३६ लाख दूध उत्पादक आहेत. २०२४-२५ मध्ये महासंघाची उलाढाल ६६ हजार कोटींच्या घरात गेली.

मदर डेअरीचं लोकांना कोडं पडतं. ती सरकारी खातंही नाही आणि शेतकऱ्यांची सोसायटीही नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पूर्ण मालकीची ती कंपनी आहे, १९७४ मध्ये दिल्लीसाठी सुरू झालेली. दिनशॉज आपल्या नागपूरचं, १९३० च्या दशकात राणा बंधूंनी गिट्टीखदान भागात सुरू केलेलं, पूर्ण खासगी. हल्दीरामही खासगी. खासगी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये. नागपूरच्या दुधाला बारमाही गिऱ्हाईक मिळालं ते बरंचसं याच मंडळींमुळे. फक्त तिथं तुम्ही पुरवठादार आहात, मालक नाही, एवढं डोक्यात ठेवून दूध घाला.

गुजरातेत आणंदला, अमूलच्या गावी, जमलं ते कसं?

याचं उत्तर बहुतेक भाषणांत "एकीमुळे" एवढ्यावर संपतं. एकी होतीच, पण ती पुरली नसती.

१९४५-४६ मध्ये खेडा जिल्ह्यातलं दूध पोल्सन नावाची कंपनी घ्यायची आणि मुंबईच्या सरकारी दूध योजनेला पुरवायची. भाव पोल्सन ठरवायची. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी सांगितलं, आपली संस्था काढा आणि थेट मुंबईला विका. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. मग पंधरा दिवस दूधबंदी. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा संघ, म्हणजे पुढचा अमूल, नोंदला गेला, त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. सुरुवातीचं दूध दोन गावच्या सोसायट्यांचं, दिवसाला सुमारे २५० लिटर. आज आपल्याकडचं एखादं बरं संकलन केंद्र एवढं दूध एका वेळेला घेतं.

१९४९ मध्ये वर्गीस कुरियन, ज्यांनी पुढे अमूल उभा केला, आणंदला आले. पुढची मेख तांत्रिक होती. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात आणि मुंबई सगळं घेत नाही. उरलेल्या दुधाचं काय करायचं? पावडर. पण म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं तेव्हा जगभरचे जाणकार सांगत होते. ती कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी करून दाखवली. १९५५ मध्ये आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि जादा दूध ओझं राहिलं नाही, त्याचा माल झाला.

तिसरी गोष्ट नाव. एकच ब्रँड, लोण्यापासून चीजपर्यंत. लोण्याच्या जाहिरातीतली ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी १९६६ ची. १९७३ मध्ये जिल्हा संघांनी विक्रीसाठी वेगळा महासंघ काढला आणि आपसात बाजारात भांडायचं नाही असं ठरवलं. महाराष्ट्रात काय झालं बघा. गोकुळ, वारणा, कात्रज, राजहंस, प्रत्येकाचं नाव आपल्या भागात मोठं, पण सगळ्यांचं मिळून एक नाव झालं नाही. राज्य महासंघाचा महानंद ब्रँड होता, त्याचा कारभार २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला.

मग विदर्भात का नाही जमलं?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की माझं उत्तर आता चिडकं झालंय.

पहिलं, चारा. कोल्हापूर-सांगलीत उसाचं वाढं आहे, बारमाही पाणी आहे, हिरवा चारा आहे. आपल्याकडे कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर. जनावराला तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार, थोडा कडबा, पूर्वेकडे धानाची तणस. सरकीची ढेप आपल्याकडची, पण हिरवं नसेल तर नुसत्या ढेपेवर दुधाचं गणित बसत नाही. गाय ठेवायची ती मुख्यतः बैल मिळावा म्हणून, दूध चहापुरतं. पोळ्याला बैलाची मिरवणूक निघते, गायीची निघत नाही, यातच आलं.

दुसरं, बाजार. ऑपरेशन फ्लड १९७० मध्ये सुरू झालं. युरोपातून देणगी म्हणून आलेली दूध पावडर आणि बटर ऑइल विकून त्या पैशातून दूधधंदा उभा करायचा, अशी ती योजना. पहिल्या टप्प्यात १८ दूधक्षेत्रं चार महानगरांना जोडली: मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रास. नागपूर या चारांपैकी कोणाच्याच दारात नाही. मुंबई आठशे किलोमीटरवर. पश्चिम महाराष्ट्राचा टँकर रात्री निघून पहाटे मुंबईत पोचतो. आपला टँकर कुठं पोचणार?

तिसरं, सवय. आपल्याकडे सरकार दूध घेत होतं. शासकीय दूध योजना होती, भाव सरकारी, तोटा सरकारी. सोसायटी म्हणजे सरकारच्या गाडीत दूध ओतायचं ठिकाण. विकायचं कसं हे शिकायची गरजच पडली नाही, आणि सरकारने हात काढला तेव्हा कुणाला ते येत नव्हतं. माझ्या गावातलं सांगतो. आम्ही ज्या संघाला दूध घालायचो त्याने सलग चार चुकारे थकवले. दर दहा दिवसांनी मिळायचा तो पैसा चाळीस दिवस नाही. सचिव मी, म्हणून लोक माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. एक बाई रोज यायची, काही बोलायची नाही, तिचं दुधाचं कार्ड माझ्यापुढे ठेवायची आणि परत उचलून न्यायची. शेवटी निम्म्या लोकांनी म्हशी विकल्या. पैसे नंतर आले. म्हशी आल्या नाहीत.

आता परिस्थिती बदलली आहे का?

थोडी बदलली आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि राज्य सरकारचा विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ पासून सुरू झाला. पहिल्यांदा ११ जिल्हे होते, दुसऱ्या टप्प्यात ते १९ झाले. मदर डेअरी गावातून दूध घेते, पैसे थेट बँकेत येतात. चुकाऱ्याची जुनी भीती त्यामुळे बरीच गेली.

माझी शंका एकच आहे. हे दूध संकलन आहे, सहकार नाही. शेतकऱ्याला वेळेवर पैसे मिळतात, पण दह्याचा भाव काय ठेवावा हे ठरवताना तो खोलीत नसतो.

आमच्या दुधाला फॅट कमी का लागते? केंद्रावाले मारतात का?

काही मारतात. पण नेहमी तेच कारण नसतं, म्हणून आधी गोठ्यातलं बघा.

पहिली धार पातळ असते, शेवटची घट्ट. फॅट शेवटच्या धारेत असते. वासरासाठी म्हणून शेवटचं दूध सडात ठेवलं तर बादलीतली फॅट पडणारच. ठेवायचं असेल तर पहिलं ठेवा, वासराचं त्याने काही बिघडत नाही. सकाळच्या दुधाला फॅट कमी आणि संध्याकाळच्याला जास्त लागते, कारण रात्रीचं अंतर मोठं, दूध जास्त. आणि नमुना घेताना कॅन ढवळली की नाही ते बघा. न ढवळता वरचं घेतलं तर फॅट जास्त दिसेल, तळाचं घेतलं तर कमी. दोन्ही चूकच.

वाद झालाच तर गर्बर पद्धतीने, म्हणजे आम्ल घालून फॅट वेगळी काढून, तपासायला सांगा. केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन बिघडतं, गर्बर सहसा फसत नाही. ब्युटायरोमीटरच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायची. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून आम्ही फडक्यात गुंडाळून धरायचो. दूध चॉकलेटी-काळं होतं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये चार-पाच मिनिटं फिरवली की फॅटचा पिवळसर थर वर येतो. नळीवरच्या रेषा मोजायच्या. हे सगळं शेतकऱ्यासमोर केलं की भांडण निम्मं मिटतं. थर सगळ्यांना दिसतो.

आणि एसएनएफ? ३.५-८.५ काय भानगड आहे?

एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, साखर, क्षार. गायीच्या दुधाचा भाव महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून जाहीर होतो, वर-खाली गेलं की पॉइंटप्रमाणे वाढ किंवा कपात. कपात वाढीपेक्षा जोरात असते हा सगळ्यांचा अनुभव, माझाही.

एसएनएफ काढायचा केंद्रावरचा सोपा हिशेब असा: लॅक्टोमीटरच्या (दुधाचा घट्टपणा मोजायच्या काचेच्या नळीच्या) डिग्रीला चाराने भागा, त्यात फॅटच्या एक पंचमांश मिळवा आणि ०.३६ मिळवा. डिग्री ३०, फॅट ३.५ असेल तर ७.५ अधिक ०.७ अधिक ०.३६, म्हणजे ८.५६. डिग्री २८ आली तर ८.०६, आणि गायीच्या दुधाला कायद्याने किमान ८.३ लागतं. दोन डिग्री म्हणजे किती पाणी, हे सांगायला मी बसलेलो नाही, सगळ्यांना माहीत आहे.

२०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला अनुदान दिलं, आधी लिटरमागे ५ रुपये, ऑक्टोबरपासून ७. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी होती. म्हशीच्या दुधाला अनुदान नव्हतं.

एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकर गाय घ्यावी, की आपली नागपुरी म्हैस?

नागपुरी म्हैस, तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगं, आपलं ऊन सोसते. हरियाणाच्या मुऱ्हा म्हशीइतकं दूध देत नाही. फॅट मात्र भरपूर. गवळाऊ गाय वर्धा-नागपूरची, ती मुळात चपळ बैलासाठी नावाजलेली. एचएफ संकर गाय बादली भरते पण मे महिन्यात धापा टाकते. गोठ्यात फॉगर, पंखा, दिवसातून दोनदा पाणी मारायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. हिरव्या चाऱ्याला एकरभर ओलीत असेल तरच दहा गायींचा विचार करा, नाहीतर दोन म्हशी बऱ्या.

हिवाळ्यात भाव पडतो आणि उन्हाळ्यात दूध मिळत नाही, असं का?

दूधधंद्यात याला पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. म्हशी बहुतेक पावसाळ्याअखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात, चाराही तेव्हाच असतो, म्हणून दूध वाढतं. उन्हाळ्यात जनावर आटतं, आणि नागपुरात ४५ अंशात दही-ताक-लस्सी-आइस्क्रीमची मागणी चढते.

हिवाळ्यातलं जादा दूध पावडर आणि लोण्यात जातं. १०० लिटर गायीच्या दुधापासून साधारण ९ किलो पावडर आणि सव्वाचार किलो लोणी निघतं. म्हणजे आपल्या गावातल्या दुधाचा डिसेंबरचा भाव पावडरीच्या बाजारावर टांगलेला असतो, आणि तो बाजार बराचसा जगाच्या भावावर हलतो. न्यूझीलंडमध्ये पाऊस चांगला झाला की कळमेश्वरला पोटात गोळा येतो, असं आमचे एक चेअरमन म्हणायचे. ज्यांच्याकडे स्वतःचा पावडर कारखाना नाही ते संघ पुष्टकाळात दुसऱ्याच्या दारात उभे असतात.

पिशव्यांचे रंग वेगवेगळे, टोन्ड-फुल क्रीम काय घ्यावं?

रंग प्रत्येक कंपनीचे आपले, त्यावर जाऊ नका, छापलेलं वाचा. फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के फॅट, ९ एसएनएफ. स्टँडर्डाइज्ड ४.५ आणि ८.५. टोन्ड ३ आणि ८.५. डबल टोन्ड १.५ आणि ९. टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेलं दूध असं काही आजोबा ठासून सांगतात. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि पावडर मिसळून फॅट खाली आणायची, एसएनएफ राखायचं आणि दूध स्वस्तात जास्त लोकांपर्यंत न्यायचं, ही युक्ती १९४६ च्या सुमारास मुंबईच्या दूध योजनेत दारा खुरोडी यांनी काढली. तेव्हा आजोबा अर्धे बरोबर आहेत.

चहाला टोन्ड पुरतं. दही घट्ट हवं असेल, खीर करायची असेल, तर फुल क्रीम. कोजागिरीच्या मसाला दुधाला फुल क्रीमच न्या. त्या दिवशी माझ्याकडे संध्याकाळी सहानंतर ते उरत नाही, म्हणून सकाळी सांगून ठेवा.

पिशवीचं दूध तापवायलाच हवं का?

कारखान्यात ते ७२ अंशाला १५ सेकंद तापवून ४ अंशापर्यंत थंड केलेलं असतं. पिशवी थंड साखळीत राहिली असेल तर नुसतं गरम करूनही चालतं. पण ती साखळी माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंतच मी सांगू शकतो. तुमच्या स्कूटरच्या डिक्कीतला अर्धा तास माझ्या हातात नाही. तापवा.

तूप एवढं महाग कसं? आणि कुठं कुठं एवढं स्वस्त कसं?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ६ टक्के फॅटच्या एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ६२ ग्रॅम फॅट असते. एक किलो तुपाला १६-१७ लिटर दूध लागतं. गायीच्या ३.५ फॅटला २८ लिटरच्या आसपास. मलई काढून उरलेल्या दुधाला किंमत मिळते म्हणून तुपाचा भाव १६ लिटर दुधाइतका नसतो, पण अर्ध्यावरही येऊ शकत नाही. कुणी "गावचं शुद्ध तूप" डालड्याच्या भावात देत असेल तर त्याचं गाव कोणतं ते विचारा.

एक खास आपल्याकडचं. वऱ्हाड-नागपुरात जनावरं सरकी आणि ढेप खातात. त्यामुळे आपल्या तुपाचा गुण वेगळा येतो, दाणा कडक, आणि प्रयोगशाळेतला आर.एम. आकडा, म्हणजे तुपाची शुद्धता पारखायचं एक माप, इतर भागांपेक्षा कमी. तुपाच्या मानकांत कपाशीच्या पट्ट्यासाठी वेगळी सवलत ठेवलेली होती ती याचसाठी. एखाद्या भल्या शेतकऱ्याचं तूप पुण्याच्या मापाने मोजलं तर भेसळीचं ठरू शकतं. घरगुती तूप बाहेर विकायला काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पनीर नकली आहे हे कसं ओळखायचं?

"नकली" आणि "ॲनालॉग" वेगळे. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ विकायला बंदी नाही, पण त्याला पनीर म्हणायचं नाही, ॲनालॉग असं स्पष्ट लिहायचं. पाकिटावर ते लिहिलेलं असतं, बारीक का होईना. सुट्यावर लिहिलेलं नसतं, आणि हॉटेलच्या मेनूवर तर नाहीच. म्हशीच्या ५-६ लिटर दुधाला किलोभर पनीर पडतं. हिशेब करा आणि मग लग्नाच्या केटररला भाव विचारा.

आइस्क्रीमचंही तसंच. आइस्क्रीम म्हणवून घ्यायला किमान १० टक्के दुधाची फॅट लागते. तेलाचं असेल तर "फ्रोझन डेझर्ट" लिहावं लागतं. पोट्ट्यांना दोन्ही आवडतं, पण पैसे देताना आपण काय घेतोय ते माहीत असावं.

ए-टू दूध (दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकारावरून विकलं जाणारं) घ्यावं का?

घ्यायचं तर घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए-वन, ए-टू हे दावे पाकिटावरून काढा असा आदेश काढला आणि पाच दिवसांत मागे घेतला. तेव्हा कायद्याचं म्हणाल तर ते असं आहे. म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे मात्र सहसा कुणी पाकिटावर छापत नाही.

छोट्या संस्थेला दुधापेक्षा पदार्थात पैसा आहे का?

आहे, पण पदार्थाला नाव लागतं आणि नाव एका दिवसात होत नाही. जवळचं उदाहरण वर्ध्याचं. जमनालाल बजाजांनी शेवटच्या दिवसांत गोसेवेचं काम हाती घेतलं, १९४१ मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ निघाला, त्या वातावरणातून पुढे आलेलं गोरस भंडार आणि त्याचा गोरस पाक आजही नागपूरचा माणूस वर्ध्याहून येताना आणतो. जाहिरात शून्य. डबा उघडला की तुपाचा वास, एवढीच जाहिरात. दुसरं उदाहरण संत्रा बर्फीचं. संत्री काटोल-नरखेडची, दूध आपलं, पण बर्फी देशभर नेली खासगी मिठाईवाल्यांनी. एखाद्या दूध संघाला हे आधी सुचायला काय हरकत होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

कुणी सुरुवात करत असेल तर खवा आणि पेढ्याने करू नका, टिकत नाही आणि भेसळीच्या खव्याशी भावात टक्कर. तुपाने सुरुवात करा, टिकतं. मग ताक-दही, पण फक्त दहा किलोमीटरच्या आत.

जीएसटी कमी झाला, मग भाव का नाही उतरले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी, चीज १२ टक्क्यांवरून ५ वर आले, आइस्क्रीम १८ वरून ५ वर, पाकिटबंद पनीर आणि यूएचटी दूध (फ्रीजबाहेर टिकणारं, खोक्यातलं) शून्यावर. साध्या पिशवीच्या दुधावर आधीही कर नव्हता, त्यामुळे तिथं उतरायला काही नव्हतं. हे मी दिवसातून चार वेळा सांगतो.

गावात सोसायटी काढायची आहे. कुठून सुरुवात करू?

वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, नोंदणी सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्या कार्यालयात, कायदा १९६० चा. दुसरा रस्ता शेतकरी उत्पादक कंपनीचा, २००२ च्या दुरुस्तीने तो खुला झाला. तिथंही दहा उत्पादक लागतात, सरकारी हस्तक्षेप कमी, पण सीए आणि कागदपत्रं जास्त. सोसायटीला सगळं दूध घालणाऱ्या सभासदाला अन्नसुरक्षेची वेगळी नोंदणी लागत नाही. घरून तूप-पनीर विकाल तर लागते.

पण कागदाआधी एक काम करा. दूध कुणाला विकणार हे ठरवा, नावानिशी. जवळचं हॉस्टेल, दोन हॉटेलं, एक मिठाईवाला, एक मोठी वसाहत. आमच्या सोसायटीने आधी इमारत बांधली, मग गिऱ्हाईक शोधलं. इमारत अजून चांगली आहे, तिथं आता ढेपेची पोती असतात.

शहरात दुधाची एजन्सी किंवा बूथ परवडतं का?

नुसत्या दुधावर नाही. पिशवीवर मिळणारं कमिशन सुट्या नाण्यांत मोजावं इतकं, आणि फुटलेल्या पिशव्या त्यातच जातात. पैसा दही, पनीर, तूप, ब्रेड, आणि उन्हाळ्यात ताकात. पण गिऱ्हाईक दुधासाठी येतं, म्हणून दूध ठेवावंच लागतं.

मे महिन्याची एक सकाळ सांगतो. पावणेचारला गाडी येते. क्रेट उतरवायचे, खालचा क्रेट ओला असेल तर गळती आहे, प्रत्येक पिशवी हाताने दाबून बघायची आणि गळकी ड्रायव्हरसमोरच बाजूला काढायची. तो निघून गेला की ती आपली. पाच ते साडेसात घरोघरचं वाटप. आठला पोराला चहा. साडेनऊला फ्रीजबाहेर राहिलेल्या पिशव्या मोजायच्या. दहा उरल्या तर ताक लावायचं, वीस उरल्या तर समजायचं की काल रात्रीची ऑर्डर चुकली: शाळांना सुट्या लागल्यात, अर्धी कॉलनी मामाच्या गावाला गेली आहे, आणि आपण मार्चच्याच आकड्यावर दूध मागवतोय. त्यामुळे कॅलेंडर भिंतीवर आणि पेन्सिल त्याच्या दोरीला. माझ्या कॅलेंडरवर एप्रिलच्या २० तारखेपुढे लिहिलेलं असतं, "४० लिटर कमी, दही दुप्पट."